‘प्रत्येक होडीवर एक तांडेल’ : संख्यापक, त्यांची व्याप्ती आणि सूत्राची घडण

रापण

बारावीच्या गणितात आणि पुढे गणित किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ∀ (प्रत्येक) आणि ∃ (निदान एक) ही दोन चिन्हं, म्हणजे संख्यापक, भेटतात. चिन्हं एका दिवसात पाठ होतात, पण साधं मराठी वाक्य सूत्रात उतरवायला बसलं की गाडं अडतं. अडण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हा धागा. उदाहरणं मुद्दाम बंदरावरची घेतली आहेत. (तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी.)

आधी भाषा ठरवायची, सूत्र नंतर. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहून ठेवा.

विश्व : आपण कशाकशाबद्दल बोलतोय? समजा, बंदरातली सगळी माणसं, होड्या आणि जाळी.
नावं : ठरावीक वस्तूंची. चर : क्ष, य, झ.
फलनं : मूळबंदर(क्ष), म्हणजे क्ष ज्या बंदराची आहे ते बंदर. (मग विश्वात बंदरंही घ्यावी लागतील.)
विधेयं, आणि प्रत्येकाला किती जागा ते : होडी(क्ष) आणि तांडेल(क्ष) यांना एकेक, वर(क्ष, य) याला दोन. वर(क्ष, य) म्हणजे ‘क्ष हा य या होडीवर आहे’. जागांचा क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच.

आता घडणीचे नियम. नाव हे पद, चर हे पद, आणि फलनात पद भरलं की तेही पद. पद वस्तू दाखवतं, ते खरं किंवा खोटं नसतं. विधेयाच्या सगळ्या जागा पदांनी भरल्या की सर्वांत लहान सूत्र तयार होतं; दोन पदांमध्ये = घातलं तरी सूत्रच. सूत्राला ¬ (नाही) लावा, दोन सूत्रं ∧ (आणि), ∨ (किंवा), → (जर–तर) यांनी जोडा, किंवा सूत्राआधी ∀क्ष, ∃क्ष लावा : पुन्हा सूत्र. याखेरीज दुसरा मार्ग नाही.

एवढ्या नियमांवर निम्म्या चुका अर्थात न शिरताच पकडता येतात. ¬मूळबंदर(क्ष) हे सूत्र नाही, कारण नकार पदाला लावलाय. तांडेल(होडी(क्ष)) हेही नाही, कारण विधेयाच्या पोटात विधेय बसत नाही. तिथे पदच हवं. वर(क्ष) मध्ये एक जागा रिकामी राहिली.

फलन निवडताना आणखी एक पथ्य आहे. विश्वातल्या प्रत्येक वस्तूला त्याचं उत्तर हवं आणि ते एकच हवं. होडी दोघा भावांच्या सामाईक मालकीची असेल तर मालक(क्ष) हे फलन चालणार नाही. तिथे मालक(य, क्ष) असं दोन जागांचं विधेयच घ्या. शिवाय जाळ्याचं किंवा माणसाचं ‘मूळबंदर’ काय, हाही प्रश्न उरतोच. शंका असेल तिथे विधेय वापरलेलं बरं.

---

कातळफूल

रापणदादा, छान सुरुवात. पुढची ठरलेली जागा मी घेते : ∀ बरोबर → आणि ∃ बरोबर ∧. हे नुसतं पाठ करून भागत नाही. उलट लिहिलं तर काय होतं ते एकदा स्वतः पाहायला हवं.

‘प्रत्येक होडी परतली’ हे ∀क्ष(होडी(क्ष) ∧ परतली(क्ष)) असं लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘विश्वातली प्रत्येक वस्तू होडी आहे आणि ती परतली’ असा होतो. धक्क्यावर पडलेलं एक जाळं हे वाक्य खोटं पाडायला पुरेसं आहे. बरोबर सूत्र : ∀क्ष(होडी(क्ष) → परतली(क्ष)).

‘एक होडी परतली’ हे ∃क्ष(होडी(क्ष) → परतली(क्ष)) असं लिहिलं तर उलटा घोटाळा. ‘जर–तर’ हे पूर्वांग (‘जर’चा भाग) खोटं असलं की खरं ठरतं. जाळं होडी नाही, म्हणून त्या जाळ्यापुरतं ‘होडी असेल तर परतली’ खरं, आणि अशी एक वस्तू सापडली की ∃ चं काम झालं. सगळ्या होड्या समुद्रात असतानाही सूत्र खरंच येईल. बरोबर सूत्र : ∃क्ष(होडी(क्ष) ∧ परतली(क्ष)).

पहिली चूक लगेच लक्षात येते, कारण सूत्र भलतंच कडक होतं. दुसरी लपून राहते. सूत्र इतकं सैल होतं की ते कधी खोटं पडतच नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

मराठीत ∀ आणि → ची जोडी वाक्याच्या घडणीतच आहे : ‘जी जी होडी आहे, ती ती परतली’. वाक्य आधी जो–तो मध्ये फिरवून घ्या. ‘जी’चा भाग बाणाच्या डावीकडे, ‘ती’चा उजवीकडे. ‘फक्त’ असलेल्या वाक्यात मात्र सावध. ‘फक्त यांत्रिक नौकांनाच बंदी आहे’ म्हणजे ‘ज्या ज्या नौकेला बंदी आहे, ती ती यांत्रिक आहे’, म्हणजेच ∀क्ष((नौका(क्ष) ∧ बंदी(क्ष)) → यांत्रिक(क्ष)). बाण उलटा केला तर ‘प्रत्येक यांत्रिक नौकेला बंदी आहे’ असं होईल. ते वेगळं विधान, आणि पहिल्यातून ते निघत नाही.

(विश्वात फक्त होड्याच घेतल्या असतील तर बाणाची गरज नाही, ∀क्ष परतली(क्ष) पुरे. म्हणून रापणदादांनी विश्व आधी लिहायला सांगितलं ते महत्त्वाचं.)

---

उंडी

एक शंका. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात एकही यांत्रिक नौका समुद्रात गेली नाही असं धरू. तरी ‘समुद्रात गेलेली प्रत्येक यांत्रिक नौका परत आली’ हे खरं कसं? ऐकायलाच विचित्र वाटतं.

---

रापण

उंडी, ते खोटं ठरायला काय लागेल ते विचारा : गेलेली पण परत न आलेली एक नौका. ती दाखवता येत नाही, म्हणून विधान खरं. याला रिक्त सत्य म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. ती सर्वांनी पाळली तर त्या काळात ‘गेलेली प्रत्येक यांत्रिक नौका परत आली’ आणि ‘गेलेली प्रत्येक यांत्रिक नौका बुडाली’ ही दोन्ही विधानं खरी असतात. त्यात विरोध नाही, कारण दोघांपैकी कुणीही ‘निदान एक गेली’ असं म्हटलेलं नाही.

ॲरिस्टॉटलच्या परंपरेत ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ हे निघतं. आजच्या विधेय तर्कशास्त्रात निघत नाही, ते हवं असेल तर ∃क्ष अ(क्ष) वेगळं लिहावं लागतं. तर्कशास्त्राच्या पेपरात दोन्ही पद्धती येतात, म्हणून प्रश्न कुठल्या प्रकरणातला आहे ते आधी पाहा. एक गोष्ट मात्र प्रचलित आधुनिक पद्धतही धरून चालते : विश्व रिकामं नसतं. म्हणून ∀क्ष प(क्ष) वरून ∃क्ष प(क्ष) काढता येतं.

पायथॉन येणाऱ्यांनी रिकामी यादी ‘ऑल’ला द्यावी : उत्तर ‘खरं’. ‘एनी’ला द्यावी : ‘खोटं’. कारण हेच.

---

खाडीकाठ

मुख्य विषयाकडे येतो, संख्यापकांचा क्रम. धाग्याच्या शीर्षकातलं वाक्य घ्या.

(१) ∀क्ष(होडी(क्ष) → ∃य(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष)))
(२) ∃य(तांडेल(य) ∧ ∀क्ष(होडी(क्ष) → वर(य, क्ष)))

(१) मध्ये आधी होडी समोर येते, मग तिच्यासाठी तांडेल शोधायचा. प्रत्येक होडीला वेगळा तांडेल चालेल. (२) मध्ये तांडेल आधीच नक्की केला, आणि तो एकटा सगळ्या होड्यांवर आहे. (२) खरं असेल तर (१) खरंच. उलट जाता येत नाही, त्याला पुरावा म्हणून सर्वांत छोटं प्रतिउदाहरण : दोन होड्या, दोन तांडेल, पहिला पहिल्या होडीवर, दुसरा दुसऱ्या. (१) खरं, (२) खोटं.

‘एकच तांडेल’ म्हणायचं असेल तर ∃ पुरत नाही. ∃ चा अर्थ ‘निदान एक’, तीन असले तरी त्याला चालतात. तेव्हा शेपूट जोडावं लागतं :

∀क्ष(होडी(क्ष) → ∃य(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष) ∧ ∀झ((तांडेल(झ) ∧ वर(झ, क्ष)) → झ = य)))

शेवटचा भाग म्हणतो : त्या होडीवर तांडेल म्हणून जो कुणी सापडेल, तो हाच. हे सूत्र एका दमात लिहायला जाऊ नका. आधी ‘निदान एक’ लिहा, मग ‘जास्तीत जास्त एक’, मग दोन्ही ∧ ने सांधा.

क्रमाची सवय व्हायला छोटं विश्व घ्या आणि सूत्र हाताने तपासा. चार जलदुर्ग, उत्तरेकडून दक्षिणेकडे : जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. द(क्ष, य) म्हणजे ‘क्ष हा य च्या दक्षिणेस आहे’.

∀क्ष∃य द(य, क्ष) : प्रत्येक किल्ल्याच्या दक्षिणेस एक किल्ला आहे. जंजिऱ्याला सुवर्णदुर्ग मिळतो, सुवर्णदुर्गाला विजयदुर्ग, विजयदुर्गाला सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गाला कुणी नाही. खोटं.

∃क्ष∀य द(क्ष, य) : एक किल्ला सर्वांच्या दक्षिणेस आहे. इथे पुष्कळजण सिंधुदुर्ग म्हणून ‘खरं’ लिहून मोकळे होतात. पण ∀य मध्ये सिंधुदुर्ग स्वतःही येतो, आणि तो स्वतःच्या दक्षिणेस नाही. खोटं! हवं ते सूत्र : ∃क्ष∀य(य ≠ क्ष → द(क्ष, य)). आता खरं. ‘बाकीचे सगळे’ असा अर्थ असेल तिथे ≠ हाताने घालावं लागतं. दोन चर वेगळे दिसतात म्हणून दोन वस्तू वेगळ्या असतात असं नाही.

आणि आता एक खरोखर सुंदर गोष्ट. ही तीन सूत्रं एकत्र मांडा :

∀क्ष ¬द(क्ष, क्ष)
∀क्ष∀य∀झ((द(क्ष, य) ∧ द(य, झ)) → द(क्ष, झ))
∀क्ष∃य द(य, क्ष)

मर्यादित वस्तूंच्या कुठल्याही विश्वात ही तिन्ही एकदम खरी होऊ शकत नाहीत. कुठूनही निघा, तिसरं सूत्र दक्षिणेकडे ढकलत राहतं. वस्तू मोजक्या असतील तर कधीतरी आधीचीच वस्तू पुन्हा येणार. दुसऱ्या सूत्राने ती स्वतःच्याच दक्षिणेस ठरते आणि पहिलं सूत्र मोडतं. पूर्णांक घ्या आणि द म्हणजे ‘पेक्षा मोठा’ धरा, तिन्ही खरी. म्हणजे ‘अनंत’ हा शब्द कुठेही न लिहिता तीन ओळींनी अनंत विश्व भाग पाडलं. विधानीय तर्कशास्त्रात (जिथे संख्यापक नसतात) सत्यता-कोष्टक मांडून निकाल लागतो, इथे तसं सरसकट का चालत नाही, ते यावरून कळतं. कुठलंही सूत्र दिलं तर ते सर्वत्र खरं आहे की नाही हे ठरवणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग या गणितज्ञांनी १९३६ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं. सगळी विधेयं एकाच जागेची असतील तर मात्र अशी रीत आहे.

---

दर्यासारंग

डेटाबेसवाल्यांसाठी छोटी भर. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) ∃ साठी ‘एक्झिस्ट्स’ आहे, पण ∀ साठी तसा सरळ शब्द नाही. ‘प्रत्येक होडीवर काम केलेला तांडेल शोधा’ ही मागणी दुहेरी नकाराने लिहितात : असा तांडेल, ज्याच्या बाबतीत अशी होडी नाही, की जिच्यावर त्याची नोंद नाही. म्हणजे ‘नॉट एक्झिस्ट्स’च्या पोटात दुसरं ‘नॉट एक्झिस्ट्स’. ∀क्ष फ हे ¬∃क्ष ¬फ बरोबर सममूल्य आहे (फ म्हणजे कुठलंही सूत्र), एवढाच त्याचा आधार.

‘नॉट इन’ने काम भागवायला जाऊ नका. आतल्या यादीत एक जरी ‘नल’ (रिकामी नोंद) आलं तर तुलना ‘अज्ञात’ ठरते आणि एकही ओळ परत येत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, म्हणून शोधायला वेळ जातो.

---

कातळफूल

नकाराचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. ‘सगळ्या होड्या परतल्या नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात.

काही मागे राहिल्या : ¬∀क्ष(होडी(क्ष) → परतली(क्ष))
एकही परतली नाही : ∀क्ष(होडी(क्ष) → ¬परतली(क्ष))

बोलताना सूर आणि प्रसंग अर्थ ठरवतात. सूत्रात ते काम ¬ च्या जागेचं. ‘एकही… नाही’, ‘कुठलीही… नाही’ असं असलं तर दुसरा अर्थ पक्का. नुसतं ‘सगळ्या… नाहीत’ असेल तर लिहिणाऱ्याला विचारा. सूचनाफलकावरचं किंवा नियमातलं वाक्य असेल तर नक्कीच विचारा.

नकार आत ढकलण्याची रीत, एका वेळी एकच पायरी. खाडीकाठ यांचं (१) घेऊ.

¬∀क्ष(होडी(क्ष) → ∃य(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष)))
∃क्ष ¬(होडी(क्ष) → ∃य(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष)))
∃क्ष(होडी(क्ष) ∧ ¬∃य(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष)))
∃क्ष(होडी(क्ष) ∧ ∀य ¬(तांडेल(य) ∧ वर(य, क्ष)))
∃क्ष(होडी(क्ष) ∧ ∀य(तांडेल(य) → ¬वर(य, क्ष)))

वाचा : अशी एक होडी आहे की जिच्यावर कुठलाच तांडेल नाही. हमखास चूक तिसऱ्या ओळीत होते. ‘जर–तर’चा नकार हा ‘जर–तर’ नसतो : पूर्वांग तसंच ठेवून उत्तरांग (‘तर’चा भाग) नाकारायचं आणि मध्ये ∧ घालायचा. ते जमलं की ∃ बरोबर ∧ आणि ∀ बरोबर → आपोआप जुळून येतात, आणि उत्तर तपासायची तीच सोपी खूण आहे.

---

उंडी

व्याप्ती आणि मुक्त-बद्ध चर यावर कुणी लिहील का? ∀क्ष होडी(क्ष) → परतली(क्ष) असं कंसाशिवाय लिहिलेलं दिसतं, ते बरोबर की चूक?

---

खाडीकाठ

घडणीच्या दृष्टीने बरोबर, पण अर्थ बहुधा तुम्हाला हवा तो नाही. नेहमीच्या संकेताने संख्यापक लगेच पुढच्या सर्वांत छोट्या सूत्रालाच धरतो. म्हणजे हे (∀क्ष होडी(क्ष)) → परतली(क्ष) असं वाचलं जातं. संख्यापकाने जेवढं धरलं तेवढी त्याची व्याप्ती. व्याप्तीतला क्ष बद्ध. शेवटचा क्ष कुणाच्याच व्याप्तीत नाही, तो मुक्त. मुक्त चर उरलेलं सूत्र हे विधान नव्हे : तो क्ष कोण हे सांगितल्याशिवाय ते खरं-खोटं ठरत नाही. काही पुस्तकांत संख्यापकानंतर टिंब देतात आणि मग व्याप्ती उजवीकडे शक्य तितकी लांब जाते. दोन्ही संकेत रूढ आहेत, म्हणून कंस घालणं सर्वांत सुरक्षित.

मुक्त चर नकळत उरण्याची जागा बघा. ‘ज्याच्याकडे होडी आहे तो तिची डागडुजी करतो.’ ‘होडी आहे’ म्हणून ∃ घ्यावासा वाटतो :

∀क्ष(∃य(होडी(य) ∧ मालक(क्ष, य)) → डागडुजी(क्ष, य))

∃य ची व्याप्ती बाणाआधीच संपली. डागडुजी(क्ष, य) मधला य मुक्त राहिला. कंस पुढे ओढून ∃य(… → …) केलं तर कातळफूलताईंनी दाखवलेला सैलपणा येतो. बरोबर असं :

∀क्ष∀य((होडी(य) ∧ मालक(क्ष, य)) → डागडुजी(क्ष, य))

वाक्यात ‘प्रत्येक होडी’ कुठेच नाही, तरी सूत्रात ∀य आला. कारण वाक्य माणूस आणि त्याची होडी अशा प्रत्येक जोडीबद्दल बोलतं. याच्याशी मिळताजुळता एक नियम आहे, पूर्वांगातला ∃ बाहेर काढला की तो ∀ होतो : (∃य फ) → ग हे ∀य(फ → ग) शी सममूल्य आहे, मात्र ग मध्ये य मुक्त नसेल तरच. ती अट विसरू नका : वरच्या चुकीच्या सूत्रात डागडुजी(क्ष, य) मध्ये य मुक्त आहे, म्हणून तिथे हा नियम थेट लागत नाही.

दुसरी जागा बदल करतानाची. ∃य(य ≠ क्ष) म्हणजे ‘क्ष सोडून आणखी काहीतरी आहे’. विश्वात दोन वस्तू असल्या की हे प्रत्येक क्ष साठी खरं. आता क्ष च्या जागी य ठेवा : ∃य(य ≠ य). कधीच खरं नाही. बाहेरून आणलेला य आतल्या ∃य च्या ताब्यात गेला. उपाय असा : बदल करण्याआधी बद्ध चराचं नाव बदला, ∃झ(झ ≠ क्ष), आणि मग य ठेवा, ∃झ(झ ≠ य). बद्ध चराचं नाव बदलल्याने अर्थ बदलत नाही, फक्त नवं नाव त्या व्याप्तीत आधी वापरलेलं नको.

---

दर्यासारंग

‘सर्व अ हे ब’, ‘काही अ हे ब’ आणि त्यांचे नकार अशी ॲरिस्टॉटलच्या परंपरेतली चार विधानं असताना एवढा खटाटोप का, असं कुणाला वाटत असेल तर हे अनुमान पाहा : प्रत्येक बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगड्याचं डोकं हे माशाचं डोकं आहे. लहान मूलही मान्य करेल. पण ‘चं डोकं’ हा दोन वस्तूंमधला संबंध आहे, आणि जुन्या संवाक्याच्या (अशा दोन विधानांवरून तिसरं काढण्याच्या) साच्यात संबंधाला जागाच नाही. घोडा आणि प्राणी घेऊन दिलेलं याच घाटाचं उदाहरण ऑगस्टस डी मॉर्गन या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे (त्याचा जन्म मदुराईचा, १८०६). सूत्रात निष्कर्ष असा :

∀क्ष(∃य(बांगडा(य) ∧ डोकं(क्ष, य)) → ∃य(मासा(य) ∧ डोकं(क्ष, य)))

संख्यापकाच्या पोटात संख्यापक ठेवण्याची सोय जर्मन गणितज्ञ गॉटलोब फ्रेगेने १८७९ मध्ये मांडली. अमेरिकेत चार्ल्स पर्स १८८५ पर्यंत स्वतंत्रपणे तिथेच पोचला. ∃ हे चिन्ह इटालियन गणितज्ञ पेआनोचं, ∀ जर्मन गणितज्ञ गेंट्झेनचं, १९३५ चं. दोन्ही चिन्हं एकाच माणसाची नाहीत.

---

उंडी

सगळ्यांचे आभार. एक कोडं अडलंय. विश्व फक्त होड्यांचं, रिकामं नाही. ∃क्ष(परतली(क्ष) → ∀य परतली(य)) हे नेहमीच खरं असतं म्हणे. म्हणजे ‘एक होडी अशी आहे की ती परतली तर सगळ्या परतल्या’. अशी जादूची होडी कुठली?

---

रापण

जादू नाही, कंस नीट पाहा. दोनच शक्यता आहेत.

सगळ्या होड्या परतल्या असतील तर कुठलीही होडी क्ष म्हणून घ्या. उत्तरांग खरं, म्हणून ‘जर–तर’ खरं.
एखादी परतली नसेल तर तीच क्ष म्हणून घ्या. पूर्वांग खोटं, म्हणून ‘जर–तर’ पुन्हा खरं.

होडी कुठली घ्यायची ते परिस्थिती पाहून ठरतं. एका होडीमुळे बाकीच्या परततात असं सूत्र म्हणतच नाही. → मध्ये कारण–परिणाम नसतो. विश्व रिकामं असतं तर क्ष म्हणून घ्यायला काहीच नव्हतं, म्हणून ती अट लागते.

मराठी वाक्य ऐकून मनात जो अर्थ येतो, तो या दुसऱ्या सूत्राचा आहे : (∃क्ष परतली(क्ष)) → ∀य परतली(य). इथे ∃ बाणाआधीच संपतो. खाडीकाठ यांच्या नियमाने तो बाहेर काढला तर ∀ होईल : ∀क्ष(परतली(क्ष) → ∀य परतली(य)). दोन होड्या घ्या, एक परतलेली, एक नाही. पहिल्या सूत्रात न परतलेली होडी निवडा, सूत्र खरं. दुसऱ्यात ‘निदान एक परतली’ हे पूर्वांग खरं आणि ‘सगळ्या परतल्या’ हे उत्तरांग खोटं, म्हणून सूत्र खोटं.